लाट आली, पण भलत्याच किनाऱ्याला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात अमेरिकेच्या २०२२ च्या मिडटर्म निवडणुकीवर (राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या मधोमध होणारी संसदेची निवडणूक) तुमच्या पेपरात जे छापून आलं ते इथे जॉर्जियात बसून ऑनलाइन वाचलं. तेव्हाच लिहायला बसलो होतो खरं तर, पण आमच्याकडे सिनेटची, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाची, रनऑफ (पहिल्या दोघांतली फेरलढत) बाकी होती, म्हटलं ती होऊ दे, मग काय ते एकदाच लिहू. ६ डिसेंबरला तीही झाली. पत्र लांबणार आहे, कापायचं तर कापा, फक्त जॉर्जियाचा भाग कापू नका कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे.

तुमच्या लेखाचा सूर असा होता की बायडन यांनी बाजी मारली, महागाई असूनही जनता त्यांच्या पाठीशी उभी राहिली, आणि रिपब्लिकन पक्षाची 'लाल लाट' (लाल हा त्यांचा रंग) म्हणजे मीडियाने फुगवलेला फुगा होता. मला हे पटलं नाही. मी इथे एकोणीस वर्षं राहतोय, मत द्यायला लागून बरीच वर्षं झाली, दोन्ही पक्षांना कधी ना कधी मत दिलंय, यंदा कोणाला दिलं ते सांगत नाही. पण आजूबाजूला जे ऐकलं त्यात 'बायडन जिंदाबाद' म्हणणारा माणूस मला तरी भेटला नाही. डेमोक्रॅटांना मत देणारेसुद्धा तोंड वाकडं करूनच देत होते.

आधी अपेक्षा काय होती ते बघा, कारण 'अपेक्षेपेक्षा कमी' असं सगळे लिहितात पण अपेक्षा आली कुठून हे कोणी सांगत नाही. इथे राष्ट्राध्यक्षाच्या पहिल्या मिडटर्मला त्याच्या पक्षाला मार पडतो हा जवळपास नियमच आहे. १९९४ ला क्लिंटन यांच्या पक्षाने हाऊसच्या, म्हणजे खालच्या सभागृहाच्या, ५४ जागा घालवल्या, २०१० ला ओबामांच्या पक्षाच्या ६३ गेल्या, २०१८ ला ट्रम्प यांच्या पक्षाच्या ४०. (२००२ ला बुश वाचले, पण तो ९/११ च्या नंतरचा काळ, त्याची गोष्ट वेगळी.) यंदा त्यात महागाईची भर, जूनमध्ये दर ९.१ टक्क्यांवर गेला, चाळीस वर्षांत एवढा गेला नव्हता, पेट्रोल, म्हणजे इथल्या भाषेत गॅस, गॅलनला पाच डॉलरच्या वर, पंपावरचा आकडा फिरताना बघवत नव्हता. बायडन यांच्या कामावर खूश असलेले लोक शंभरात बेचाळीस-त्रेचाळीस. आणि रिपब्लिकनांना हवं होतं किती, तर हाऊसमध्ये पाच जागा जास्तीच्या आणि सिनेटमध्ये एक. हाऊसमधले त्यांचे नेते केविन मॅकार्थी साठ जागांची भाषा करत होते. एवढा सोपा पेपर दरवेळी येत नाही.

निकाल काय लागला? रिपब्लिकनांना हाऊसमध्ये २२२, म्हणजे नऊ जागांची वाढ, बहुमताच्या २१८ पेक्षा फक्त चार जास्त. आणि सिनेटमध्ये उलट एक जागा गेली, ५०-५० होतं ते डेमोक्रॅटांच्या बाजूने ५१-४९ झालं. (आता गेल्या आठवड्यात ॲरिझोनाच्या सिनेटर कर्स्टन सिनेमा यांनी डेमोक्रॅटिक पक्ष सोडला आणि अपक्ष झाल्या, पण त्या काही पलीकडे जाऊन बसणार नाहीत.) मिडटर्मला राष्ट्राध्यक्षाच्या पक्षाचा एकही विद्यमान सिनेटर पडला नाही असं १९३४ नंतर पहिल्यांदा घडलं म्हणे. फजितीच आहे ही, दुसरा शब्द नाही.

पण आता एक आकडा सांगतो जो तुमच्या लेखात नव्हता. देशभरातली हाऊसची सगळी मतं एकत्र केली तर रिपब्लिकन पक्ष पुढे आहे, थोडाथोडका नाही तर जवळपास तीन टक्क्यांनी. काही जागांवर डेमोक्रॅटांनी उमेदवारच दिला नव्हता त्यामुळे हा आकडा जरा फुगलाय हे मान्य, तो फुगा काढला तरी ते पुढेच राहतात. म्हणजे लोक चिडले होते, आणि चिडलेल्यांनी मतंही दिली, मग ती गेली कुठे? फ्लोरिडात गेली. न्यूयॉर्कमध्ये गेली. फ्लोरिडात रिपब्लिकन गव्हर्नर डिसँटिस २०१८ ला अर्ध्या टक्क्याने जेमतेम निवडून आले होते, तेच यंदा एकोणीस टक्क्यांनी आले, मायामी-डेड काउंटीसकट. न्यूयॉर्कमध्ये गव्हर्नरपद मिळालं नाही पण ली झेल्डिन यांनी त्या डेमोक्रॅटिक राज्यात फरक साडेसहा टक्क्यांच्या आत आणला, लाँग आयलंडच्या चारही हाऊस जागा रिपब्लिकनांकडे, आणि डेमोक्रॅटांच्या हाऊस प्रचाराची सूत्रं ज्यांच्या हातात होती ते शॉन पॅट्रिक मलोनी स्वतःच पडले! फ्लोरिडात आधीच्यापेक्षा चार जागा जास्त आणि न्यूयॉर्कमध्ये तीन, नऊपैकी सातांचा हिशोब या दोन राज्यांतच लागतो. यात मतदारसंघांच्या नव्या नकाशांचाही हात आहे, फ्लोरिडाचा नकाशा डिसँटिस यांनी आपल्या सोयीने करून घेतला आणि न्यूयॉर्कचा डेमोक्रॅटांनी आपल्या सोयीने केलेला तिथल्या कोर्टाने रद्द केला. म्हणजे लाट आली, पण जिथे सिनेटचा निकाल ठरायचा होता त्या किनाऱ्याला लागलीच नाही.

पेनसिल्व्हेनिया, ॲरिझोना, नेवाडा, जॉर्जिया, न्यू हॅम्पशायर. हे पाच किनारे. आणि इथे लाट का लागली नाही याचं उत्तर माझ्या मते अगदी गावठी आहे, उमेदवार चुकले. चुकले म्हणजे चुकून चुकले नाहीत, पक्षाच्या स्वतःच्या लोकांनी डोळे उघडे ठेवून निवडले.

आपल्याकडच्या वाचकांसाठी सांगतो, इथे तिकीट वरून कोणी वाटत नाही. हायकमांड वगैरे काही नसतं. प्रायमरी होते, त्यात पक्षाचे मतदार मत देतात, आणि प्रायमरीला मत द्यायला येतात कोण तर जे सगळ्यात कट्टर ते. यंदा त्यावर ट्रम्प यांचा शिक्का, तो मिळाला की बहुतेक ठिकाणी काम झालंच. आणि शिक्का मिळवायची अट काय? अनुभव नाही, काम नाही, निवडून यायची ताकद तर नाहीच नाही, अट एकच, की २०२० ची निवडणूक चोरली गेली असं म्हणायचं. आता सामान्य माणूस गॅसचे पैसे मोजतोय, त्याला २०२० मध्ये कोणाचं काय चोरलं यात काडीचा रस नाही, आणि हे मंचावर चढून तेच दळण दळतायत. सिनेटमधले त्यांचे नेते मॅककॉनेल ऑगस्टमध्येच बोलून गेले की सिनेटच्या निवडणुकीत उमेदवाराच्या दर्जाचा फार फरक पडतो. तेव्हा त्यांच्यावर सगळे तुटून पडले, म्हातारा आपल्याच लोकांचे पाय ओढतो म्हणून.

आता राज्याराज्यातला फरक बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. न्यू हॅम्पशायरला गव्हर्नर क्रिस सुनुनू, रिपब्लिकन, पंधरा टक्क्यांनी निवडून आले, आणि त्याच दिवशी त्याच मतदारांनी सिनेटसाठी उभे असलेले डॉन बोल्डक यांना नऊ टक्क्यांनी पाडलं. पक्ष तोच, मतपत्रिका तीच, पेनसुद्धा तेच! सुनुनू स्वतः सिनेटला उभे राहावेत म्हणून पक्षाने वर्षभर आधी मिनतवाऱ्या केल्या होत्या, ते नाही म्हणाले. ओहायोला गव्हर्नर डिवाइन पंचवीस टक्क्यांनी आले आणि ट्रम्प यांचे उमेदवार जे. डी. व्हान्स सहा टक्क्यांनी, तिथे राज्यच लाल म्हणून निभावलं. नेवाडात गव्हर्नरपद रिपब्लिकन जो लोम्बार्डो यांनी जिंकलं पण सिनेटला त्यांच्याच पक्षाचे लॅक्झाल्ट आठ हजारांहून कमी मतांनी हरले. गंमत म्हणजे नेवाडात आपल्यासारखा नोटा आहे, 'यापैकी कोणी नाही' असा पर्याय, आणि त्याला बारा हजारांच्या वर मतं पडली. म्हणजे सिनेटची ती जागा नोटाच्या खिशात होती म्हणा ना.

पेनसिल्व्हेनियाचं काय सांगू. तिथे डेमोक्रॅटांचे उमेदवार फेटरमन, त्यांना मे महिन्यात स्ट्रोक आला, ऑक्टोबरच्या डिबेटमध्ये त्यांना बोलताना शब्द सापडत नव्हते, बघणाऱ्याला वाईट वाटत होतं. समोर कोण, तर टीव्हीवरचे डॉक्टर मेहमेत ओझ, नावाजलेले हार्ट सर्जन, बोलण्यात पटाईत. तरी ओझ पाच टक्क्यांनी पडले. का? एकतर हा माणूस कित्येक वर्षं शेजारच्या न्यू जर्सीत राहिलेला, फेटरमन यांच्या लोकांनी उन्हाळाभर त्यावरून त्यांची इतकी टर उडवली की विचारू नका. त्यात ओझ यांचा सुपरमार्केटमधला व्हिडिओ, महागाई दाखवायला गेले आणि भाज्या घेताना त्या कच्च्या भाज्यांच्या ताटाला असलं काही फ्रेंच नाव घेऊन बसले की पिट्सबर्गच्या कामगाराला तो आपला माणूस वाटायची सोयच राहिली नाही. आणि डिबेटमध्ये गर्भपातावर विचारलं तर म्हणाले निर्णय बाई, डॉक्टर आणि स्थानिक राजकीय नेते यांनी घ्यावा. स्थानिक राजकीय नेते! बाईच्या पोटातल्या बाळाचा निर्णय आणि त्यात नगरसेवक? फेटरमन अडखळले हे लोक विसरले असतील, हे वाक्य नाही विसरले. वर गव्हर्नरपदाला त्यांच्याच पक्षाचे मॅस्ट्रियानो, जे ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्पसमर्थक संसदेत घुसले तेव्हा कॅपिटॉलबाहेरच्या गर्दीत होते, ते जवळपास पंधरा टक्क्यांनी पडले आणि पडताना बाकीच्यांनाही खाली ओढत गेले.

ॲरिझोनात गव्हर्नरपदाला उभ्या राहिलेल्या रिपब्लिकन कॅरी लेक बाईंचं तर मला खरंच आश्चर्य वाटतं. पूर्वी टीव्हीवर बातम्या द्यायच्या, बोलायला हुशार, कॅमेरा कळतो, मी म्हणतो या बाई सहज निवडून यायला हव्या होत्या. पण प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत सभेत विचारतात इथे कोणी मॅककेनवाले रिपब्लिकन आहेत का, असाल तर चालते व्हा. अहो, जॉन मॅककेन त्या राज्याचे तीस वर्षांहून जास्त सिनेटर होते! त्यांना मत देत म्हातारे झालेले लोक अजून तिथेच राहतात. लेक बाई सुमारे सतरा हजार मतांनी हरल्या. पंचवीस लाखांच्या वर मतदान आणि सतरा हजारांचा फरक, तेवढे मॅककेनवाले तर नुसत्या फिनिक्समध्ये सापडले असते. आता कोर्टात गेल्यात. मतदानाच्या दिवशी मॅरिकोपा काउंटीत काही केंद्रांवर प्रिंटर बिघडले होते हे खरंय आणि त्यावर त्यांचा राग आहे, पण पोस्टाने मत देणं म्हणजे घोटाळा असं दोन वर्षं आपल्याच मतदारांच्या डोक्यात भरवायचं, मग सगळे एकाच दिवशी रांगेत येणार, आणि त्या दिवशी मशीन अडलं की बोंब. डेमोक्रॅटांची मतं तोवर आठवडाभर आधीच पेटीत पडलेली असतात.

आता जॉर्जिया.

आमचे गव्हर्नर ब्रायन केम्प. पक्के कॉन्झर्व्हेटिव्ह, त्यात कोणाला शंका नाही. पण २०२० ला बायडन यांनी जॉर्जिया ११,७७९ मतांनी जिंकलं आणि ट्रम्प यांनी निकाल फिरवायला सांगितलं तेव्हा केम्प यांनी ऐकलं नाही, सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्यातल्या निवडणुका बघणारे) रॅफेन्सपर्गर यांनीही ऐकलं नाही. मग काय, ट्रम्प यांनी दोघांना संपवायचं ठरवलं. केम्प यांच्यासमोर प्रायमरीत माजी सिनेटर डेव्हिड पर्ड्यू यांना उभं केलं. मे महिन्यात मतदान झालं, केम्प यांना चौऱ्याहत्तर टक्के, पर्ड्यू यांना बावीस. हे सगळे रिपब्लिकन मतदार बरं का! ट्रम्प यांना एवढी मोठी चपराक त्यांच्याच पक्षात दुसरीकडे कुठे बसल्याचं मला आठवत नाही. रॅफेन्सपर्गरसुद्धा टिकले.

पण सिनेटच्या जागेला त्याच प्रायमरीत उमेदवार मिळाला हर्शेल वॉकर. आता वॉकर म्हणजे जॉर्जियात देव, कॉलेज फुटबॉलमध्ये युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जियाकडून खेळले, १९८२ ची हाइझमन ट्रॉफी (कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मोठा मान), आमच्या ऑफिसात पन्नाशीच्या पुढचे लोक त्यांचे रन अजून तोंडपाठ सांगतात. पण खेळून झाल्यावर वर्षानुवर्षं राहिले टेक्सासात, राजकारणाचा अनुभव शून्य, ट्रम्प यांचे जुने दोस्त म्हणून उभे राहिले. मॅककॉनेलसुद्धा सुरुवातीला कुरकुरले आणि मग त्यांनीही पाठिंबा दिला. पुढे काय काय निघालं ते तुम्ही वाचलं असेलच. गर्भपाताला सरसकट बंदी हवी म्हणणाऱ्या उमेदवारानेच पूर्वी गर्भपाताचे पैसे दिले असे आरोप झाले, त्यांनी ते नाकारले. डिबेटमध्ये खिशातून पोलिसांचा बिल्ला काढून दाखवला आणि सूत्रसंचालिकेने त्यांना वस्तू आत ठेवा म्हणून सांगितलं. रनऑफच्या प्रचारात तर एका सभेत व्हॅम्पायर भारी का वेअरवुल्फ भारी यावर बोलले. मी खोटं सांगत नाही, व्हिडिओ आहे.

समोर डेमोक्रॅटांचे राफाएल वॉर्नॉक, अटलांटातल्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री, म्हणजे मार्टिन लूथर किंग यांच्या चर्चचे. सौम्य माणूस, प्रचारात इन्सुलिनचं बिल महिन्याला ३५ डॉलरवर आणायच्या गोष्टी करत होता, बायडन यांचं नाव शक्यतो घेतच नव्हता.

८ नोव्हेंबरला काय झालं ते बघा. केम्प यांना एकवीस लाखांच्या वर मतं, डेमोक्रॅटांच्या स्टेसी अब्राम्स यांना साडेसात टक्क्यांनी हरवलं. वॉकर यांना एकोणीस लाखांच्या जरा वर. दोन लाखांचा फरक! दोन लाख माणसं बूथवर गेली, केम्प यांच्या नावावर बोट टेकवलं आणि वॉकर यांचं नाव आल्यावर बोट उचललं. कोणी वॉर्नॉकना दिलं, कोणी लिबर्टेरियन या तिसऱ्या छोट्या पक्षाच्या उमेदवाराला दिलं, त्याला ऐंशी हजारांच्या वर मिळाली, कोणी तसंच सोडलं. वॉर्नॉक पुढे राहिले सुमारे अडतीस हजारांनी, पण पन्नास टक्के कोणालाच नाहीत म्हणून रनऑफ. म्हणजे त्या दोन लाखांतले निम्मे जरी वॉकर यांच्याबरोबर राहिले असते तर रनऑफची वेळच आली नसती आणि तुम्ही आज वेगळा लेख लिहिला असता.

आमच्या समोरच्या घरात एक गोरे आजोबा राहतात, पंचाहत्तरीला आलेले, रेगनपासून रिपब्लिकन. त्यांच्या अंगणात केम्प यांचा बोर्ड ऑगस्टपासून होता, वॉकर यांचा नव्हता. मी एकदा सहज विचारलं की दुसरा बोर्ड कुठाय. ते म्हणाले, मी त्याला खेळताना बघितलंय, तिकीट काढून बघितलंय, परत बघायचा असेल तर परत तिकीट काढीन, पण मत नाही. बस, पुढे विषयच वाढवला नाही त्यांनी. आमच्या मराठी मंडळातही तेच, टॅक्सवरून वर्षानुवर्षं रिपब्लिकनांना मत देणारे दोन-तीन जण आहेत, एकजण म्हणाला मी घरी मुलीला काय सांगू. आणि आम्ही सामान्य माणसं सोडा, राज्याचे रिपब्लिकन लेफ्टनंट गव्हर्नर जेफ डंकन, त्यांनी रनऑफच्या वेळी टीव्हीवर सांगितलं की तासभर रांगेत उभा राहिलो आणि दोघांपैकी कोणालाच मत न देता बाहेर पडलो.

रनऑफला केम्प वॉकर यांच्या बाजूने सभेला आले, जाहिरातही केली, कारण आता त्यांचं स्वतःचं काही अडलेलं नव्हतं, पण उशीर झाला होता. दरम्यान ट्रम्प यांनी १५ नोव्हेंबरला २०२४ ची उमेदवारी जाहीर करून टाकली, रनऑफ बाकी असताना! आणि मतदानाच्या तीन दिवस आधी पोस्ट टाकली की २०२० च्या घोटाळ्यामुळे राज्यघटनेतले नियमसुद्धा रद्द करता येतात. त्या आठवड्यात बिचाऱ्या वॉकर यांच्या प्रचारवाल्यांना काय वाटलं असेल. सुरुवातीच्या मतदानाच्या पहिल्याच सोमवारी तीन लाखांच्या वर लोकांनी एका दिवसात मतदान केलं, एवढं कधी झालं नव्हतं, मी स्वतः दीड तास उभा होतो थंडीत. ६ डिसेंबरला वॉर्नॉक जवळपास एक लाख मतांनी जिंकले. म्हणजे महिनाभरात अडतीस हजारांचे एक लाख झाले, केम्प यांचं नाव मतपत्रिकेवर नसल्यावर वॉकर यांच्यासाठी वेगळं घराबाहेर पडायला लोक तयार नव्हते.

आता गर्भपाताचा मुद्दा. तुमच्या लेखात यावर एकच वाक्य होतं आणि बाकी बऱ्याच जणांनी याउलट सगळं श्रेय यालाच दिलं. २४ जूनला सुप्रीम कोर्टाने गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा रो विरुद्ध वेड निकाल रद्द केला आणि हवा फिरली हे शंभर टक्के खरं. २ ऑगस्टला कॅन्ससमध्ये, जिथे ट्रम्प पंधरा टक्क्यांनी जिंकले होते तिथे, गर्भपाताचा हक्क राज्याच्या घटनेतून काढायचा प्रस्ताव ५९ विरुद्ध ४१ ने पडला, तेव्हाच भल्याभल्यांना घाम फुटला. ॲरिझोनात सिनेटचे रिपब्लिकन उमेदवार मास्टर्स यांनी तर वेबसाइटवरची आपली कडक वाक्यंच गुपचूप पुसली. केंटकीत लोकांनी रिपब्लिकन सिनेटर रँड पॉल यांना साठ टक्क्यांच्या वर मतं दिली आणि त्याच दिवशी गर्भपातविरोधी घटनादुरुस्ती फेटाळली. पण मग मला एक सांगा, केम्प यांनी सहा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदीचा कायदा सही करून आणलेला, डिवाइन यांनीही तसाच कायदा केलेला, डिसँटिस यांनी पंधरा आठवड्यांचा. तिघे दणक्यात आले! नुसत्या त्या मुद्द्यावर लोक पाडत असते तर आधी हे पडले असते.

मला वाटतं त्या मुद्द्याचं वजन प्रत्येक राज्यात वेगळं पडलं. मिशिगनमध्ये १९३१ चा जुना बंदीचा कायदा परत जिवंत होतो का हेच मतपत्रिकेवर होतं, तिथे लोकांनी हक्क घटनेत घातला, डेमोक्रॅट गव्हर्नर व्हिटमर बाईंना दहा टक्क्यांनी निवडून दिलं आणि विधिमंडळाची दोन्ही सभागृहं चाळीस वर्षांत पहिल्यांदा गव्हर्नरसकट डेमोक्रॅटांकडे गेली. पेनसिल्व्हेनियातही गव्हर्नर कोण येतो यावर सगळं होतं. जिथे कायदा आधीच झालाय आणि करणारा माणूस शांत, कामाचा वाटतो, तिथे लोकांनी नाराज असूनही पचवलं. जिथे करणारा भडक वाटला तिथे भीती बसली, की याला सत्ता दिली तर हा अजून काय काय करेल. त्यात सप्टेंबरमध्ये रिपब्लिकन सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांनी देशभर पंधरा आठवड्यांची बंदी आणायचं बिल मांडलं, म्हणजे 'हे आता राज्यांवर सोपवलंय' असं सांगत फिरणाऱ्या स्वतःच्याच उमेदवारांच्या पायात साप सोडला.

एक्झिट पोलमधला एक आकडा मला सगळ्यात बोलका वाटला. बायडन यांच्यावर 'थोडेसे नाराज' असं ज्यांनी सांगितलं, ते लोक मिडटर्मला सहसा विरोधी पक्षाकडे जातात, इतकं सरळ गणित असतं. यंदा ते ४९ विरुद्ध ४५ असे डेमोक्रॅटांकडे गेले. अपक्ष मतदारही दोन टक्क्यांनी तिकडेच. म्हणजे नाराज होते आणि तरी दिलं. याला बायडन यांच्या पाठीशी उभं राहणं म्हणायचं का? घर गळतंय म्हणून माणूस कंटाळलाय, पण दुरुस्तीला आलेला हातात काडेपेटी घेऊन दारात उभा, तर तो म्हणेल गळू दे बाबा, बादली ठेवतो.

डेमोक्रॅटांना मात्र मी यात फार साळसूद समजत नाही. कित्येक ठिकाणी यांनी स्वतःचे पैसे घालून रिपब्लिकन प्रायमरीत सगळ्यात भडक उमेदवाराचीच जाहिरात केली, म्हणजे तो निवडून आला की नोव्हेंबरला आपल्याला सोपं. मिशिगनला पीटर मायर म्हणून रिपब्लिकन खासदार होते, ट्रम्प यांच्यावर महाभियोगाच्या बाजूने मत दिलेल्या दहांपैकी एक, त्यांच्याविरुद्धच्या उमेदवाराला अशी हवा दिली, मायर प्रायमरीत पडले, आणि नोव्हेंबरला जागा डेमोक्रॅटांकडे. डाव जमला, मान्य. पण एकीकडे लोकशाही धोक्यात म्हणून गळा काढायचा आणि दुसरीकडे असला जुगार, चार ठिकाणी फासे उलटे पडले असते तर कोणाला तोंड दाखवलं असतं? त्या दहापैकी आता हाऊसमध्ये फक्त दोन उरतायत. वॉशिंग्टन राज्यातल्या हेरेरा ब्युटलर त्यातल्याच, त्यांना प्रायमरीत हरवणारा जो केंट ही हातातली जागा अडीच-तीन हजार मतांनी घालवून बसला. हे कोणी ढकललं नव्हतं, स्वतःच्या पायावर स्वतःच धोंडा.

पोलवाल्यांबद्दल एवढंच, शेवटच्या दोन आठवड्यांत पक्षाकडे झुकलेल्या एजन्सींचे सर्व्हे भराभर आले, त्याने सरासरी सरकली, आणि टीव्हीवर लाट लाट लाट. चांगल्या संस्थांचे आकडे फारसे चुकले नव्हते. ज्यांनी ते बघितले त्यांना धक्का बसला नाही.

आता नऊ जागांच्या वाढीवर मॅकार्थी स्पीकर व्हायला निघालेत आणि त्यांच्याच पक्षातले पाच-सहा जण आत्तापासून म्हणतायत आम्ही मत देणार नाही. कोलोरॅडोच्या रिपब्लिकन खासदार बोबर्ट बाई फेरमोजणीनंतर ५४६ मतांनी वाचल्या, कॅलिफोर्नियात एक जागा ५६४ मतांनी आली, असल्या काठावरच्या बहुमतात एकेक माणूस राजा असतो. बघू ३ जानेवारीला, स्पीकरचं मतदान होईल तेव्हा.

रनऑफ झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आजोबा अंगणातला केम्प यांचा बोर्ड काढत होते. मी म्हटलं, टाकून देताय का. म्हणाले, छे, गॅरेजमध्ये ठेवतो, गव्हर्नर म्हणून याच्या दोन टर्म होतील, पण २०२६ ला डेमोक्रॅट ऑसॉफची सिनेटची जागा आहे, वरचा 'गव्हर्नर' तेवढा मार्करने खोडायचा. मग बोर्डाच्या दोन्ही तारा काढून घेतल्या, माती झटकली आणि आत गेले.

आपला,
एक नियमित वाचक
अटलांटा परिसर, जॉर्जिया
१५ डिसेंबर २०२२